तांबडी पहिली का? गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका गोठ्यातलं दगडीचं प्रकरण

२१ जूनला सकाळी मावशीचा फोन आला, शिंगी मागच्या डाव्या पायाने लंगडतेय, खुरात काटाबिटा गेला असणार, जमलं तर येऊन बघून जा. गेल्या पावसाळ्यातली गोष्ट ही. पावसात बकरी लंगडली की आधी खूरच आठवतं, या दिवसांत खुरं कुजतातच, म्हणून मीही खूर तासायची सुरी आणि पोटॅशची पुडी घेऊनच निघालो. वाळपईच्या पुढे रस्त्यावर झाड पडलेलं, पोचायला दहा वाजले. खूर बघतो तर एकदम साफ. बकरी पाय फाकवून उभी, रवंथ बंद, कान पडलेले, आणि पाय फाकवलेला तो मांडी कासेला लागू नये म्हणून. कासेला हात लावला आणि दचकून मागे घेतला. उजवी बाजू नेहमीसारखी कोमट, डावी गार, फ्रिजमधून काढलेल्या दुधाच्या पिशवीसारखी, आणि सडापासून वर निळा-जांभळा रंग चढत चाललेला, त्याची कड पेनाने रेघ मारल्यासारखी. सड पिळला तर दूध नाहीच, पातळ लालसर पाणी.

ज्यांनी हे कधी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आपण ज्याला दगडी म्हणतो, पुस्तकात कासदाह, त्यात एरवी कास गरम होते, कडक होते, दुधात गुठळ्या येतात. गार आणि निळी झाली याचा अर्थ त्या बाजूचं रक्त बंद होऊन मांस मरायला लागलंय. बकऱ्यांत हे बहुतेक वेळा स्टॅफायलोकॉकस ऑरियस या जंतूच्या विषामुळे होतं. घाटावरच्या मेंढ्यांत मॅनहाइमिया नावाचा दुसरा एक जंतू असतो, तोही हेच करतो, तो कोकराच्या तोंडातून सडात जातो. दोन्हीत एक-दोन दिवसांत जनावर जाऊ शकतं. डॉक्टर दुपारी आले, सलाईन, अँटिबायोटिक, सूज उतरायचं इंजेक्शन सगळं झालं, शिंगी वाचली. डावी बाजू मात्र गेली, काळी पडली, सुकली आणि महिन्याभराने गळून पडली, तोवर रोज ड्रेसिंग, पावसातल्या माश्या, दोनदा किडे पडले ते चिमट्याने काढले, वासाचं तर विचारूच नका.

एका बकरीला झालं तर त्याला नशीब म्हणता येतं. पण ५ जुलैला बांडी आणि १९ जुलैला मोरी. एका महिन्यात अकरापैकी तीन. त्याच्या आधीच्या चार वर्षांत मिळून मावशीकडे एक केस झालेली.

मावशीच्या घरची व्यवस्था थोडी सांगायला हवी. दुधावर अकरा बकऱ्या, बहुतेक कोकण कन्याळच्या रक्ताच्या, सिंधुदुर्गातून आणलेल्या आणि इथे वाढवलेल्या, कारण आपल्या पावसात बाहेरच्या भारी जाती टिकत नाहीत हे तिला दोन जमनापारी मेल्यावर कळलं. चिऱ्याचा गोठा, आत पोफळीच्या पट्ट्यांची माची, लेंड्या-मूत खाली पडतं. दिवसा काजूच्या बागेत चरायला, संध्याकाळी फणसाचा पाला, भरडा आणि नारळाची पेंड. म्हणजे अगदीच अडाणी कारभार नाही. मावशीला विचारलं तर तिचं एकच, "पावसाक लागूनच हें सगळें." आणि खरं सांगू, मलाही तसंच वाटलं. जूनमध्ये गोठ्याची एक बाजू गळत होती, माचीच्या पट्ट्या बुळबुळीत झालेल्या, खाली चिखल साचलेला.

मग बांडीच्या वेळेला आम्ही दोन दिवस खपून गोठा साफ केला. पत्रा बसवला, खालचा लेंडीखताचा थर उपसला, चुना मारला, पट्ट्या घासून काढल्या. शेजारच्या काकांनी कोरफड-हळद-चुन्याचा लेप सांगितला, एनडीडीबी म्हणजे राष्ट्रीय डेअरी विकास मंडळवाले गाईंसाठी सांगतात तो, तोही लावला. बांडीच्या सौम्य सुजेवर लेपाला माझी ना नाही, डॉक्टरांची औषधं चालू होतीच, पण शिंगीसारख्या गार कासेवर लेप थापत बसणं म्हणजे बकरी घालवणं, हे काकांना तोंडावर सांगितलं आणि ते थोडे रागावलेही. असो. एवढी सफाई करून दोन आठवडे झाले आणि मोरीला झालं. गोठा कोरडा, पट्ट्या कोरड्या, तरी झालं. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपण चुकीच्या जागी झाडू मारतोय.

मावशीचा मुलगा दुधाचा हिशेब वहीत लिहितो, कुठल्या बकरीने सकाळ-संध्याकाळ किती दिलं ते, आणि लिहितो ते धार काढायच्या क्रमाने. ती वही चाळताना एक गोष्ट दिसली जी आधीच दिसायला हवी होती. अकरापैकी सात बकऱ्यांची धार मावशी काढते, चारांची वहिनी, गोठ्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात. आजारी पडलेल्या तिन्ही मावशीच्या. वहिनीच्या चारातली एकही नाही. छप्पर तेच, माची तीच, पाऊस तोच, चारा तोच. आणि मावशीच्या रांगेत क्रम असा, तांबडी पहिली, मग शिंगी, मग बांडी, चौथी पांढरी, पाचवी मोरी, त्यापुढे दोन पहिलारू. म्हणजे रोग रांगेने येत होता, पांढरी तेवढी कशी सुटली देव जाणे. जमिनीतून येणारा रोग असा हाताखालची रांग बघून येत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी काही न बोलता गोठ्यात स्टूल टाकून बसलो. मावशीने कोमट पाण्याची बादली आणली, त्यात जुन्या साडीचा एक तुकडा. तो पिळून तांबडीची कास पुसली, सड पुसले, कपडा परत बादलीत. बोटं दुधात बुडवून सड ओले केले, अंगठा दुमडून ओढत ओढत धार काढली, तिची आई काढायची तशी. मग तोच कपडा, तेच पाणी, पुढची बकरी. पाचव्या बकरीपर्यंत पाणी ताकासारखं गढूळ. शेवटी कपडा पिळून चिऱ्याच्या खांबाला असलेल्या खिळ्यावर टांगला. मी हात लावून बघितला, पावसात तो कपडा कधी सुकलेलाच नसणार, बुरशीचा वास येत होता. मावशी म्हणाली, "बघ, मी किती स्वच्छ पुसते." आणि ती खोटं बोलत नव्हती, तिच्याइतकी कास पुसणारं मी तरी कोणी पाहिलं नाही, वहिनी तर पुसतच नाही, फक्त हात साबणाने धुते, कोरड्या हाताने लेंडीचा कण झटकते आणि धार काढते. न पुसणारीच्या बकऱ्या बऱ्या आणि पुसणारीच्या आजारी, हे मावशीला पटवायला मला पुढे आठवडा लागला.

कपडा रोग पसरवतो हे कळलं, पण कपड्यात रोग आला कुठून हे राहिलंच. म्हणून सगळ्यांची सीएमटी केली, ही दगडी ओळखायची टेस्ट, म्हणजे ते निळसर-जांभळं औषध दुधात मिसळून पॅडलमध्ये, म्हणजे खळग्यांच्या ताटलीत, फिरवायचं, रोगाशी लढायला दुधात उतरलेल्या पेशी जास्त असतील तर दूध जेलीसारखं घट्ट होतं. इथे मोठी फसगत होते आणि आमचीही झाली. अकरापैकी आठ बकऱ्यांत थोडी थोडी जेली आली, मुलगा घाबरून म्हणाला की सगळ्यांना सडात सोडायच्या औषधाच्या ट्यूब आणूया. थांब म्हटलं. ही टेस्ट बसवलीय गाईच्या दुधावर. बकरीच्या दुधात कास निरोगी असली तरी पेशी जास्त असतात, शिवाय दूध तयार होताना पेशींचे तुकडेही दुधात उतरतात, आणि वेताच्या शेवटी शेवटी किंवा माजावर असताना आकडा अजून वर जातो. म्हणून बकरीत हलकी जेली सोडून द्यायची आणि मुख्य बघायचं ते दोन बाजूंमधला फरक. बकरीच्या कासेला दोनच कप्पे, दोन सड, दोघांचा एकमेकांशी आतून संबंध नाही. एक बाजू पातळ आणि दुसरी घट्ट असेल तर त्या घट्ट बाजूत काहीतरी आहे.

असा फरक दोघींत सापडला. मोरीत, तिचं माहीतच होतं. आणि तांबडीत. तांबडीच्या उजव्या सडाचं दूध पॅडलमध्ये पाण्यासारखं फिरलं, डाव्याचं अंड्याच्या पांढऱ्यासारखं मध्ये गोळा होऊन बसलं, पॅडल तिरपं केलं तरी सरकेना. मावशीने पॅडल माझ्या हातातून घेऊन परत केलं. परत तेच.

तांबडी म्हणजे घरातली सगळ्यात दुधाळ, दिवसाला दीड लिटरच्या वर, आणि तिला पहिली धार काढली नाही तर ओरडून गाव उठवते म्हणून ती कायम पहिली. दूध पांढरंशुभ्र, गुठळी नाही, ताप नाही, खाणं जोरात. डाव्या बाजूला खोलवर दाबलं तर लिंबाएवढी एक गाठ लागत होती. मावशी म्हणाली ती दोन वर्षांपासून आहे, काजूच्या बागेत करवंदीच्या काट्याने सड फाटला होता त्यानंतरची. सडावर तो ओरखडा अजून दिसतो. या जंतूला सडाच्या कातडीवरची जखम फार आवडते, आणि एकदा आत जाऊन गाठ केली की औषध तिथपर्यंत नीट पोचत नाही, बकरीला त्रास नाही, मालकाला पत्ता नाही आणि रोज दुधातून थोडे थोडे जंतू बाहेर.

डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे नमुने घेतले. हे नीट केलं नाही तर रिपोर्टमध्ये गोठ्यातलंच काहीतरी उगवतं, म्हणून सांगतो. सडाचं टोक स्पिरिटच्या कापसाने कापूस पांढरा राहीपर्यंत पुसायचं, पहिल्या दोन-तीन धारा टाकून द्यायच्या, निर्जंतुक बाटली आडवी धरायची म्हणजे वरून केस-धूळ पडत नाही, झाकणाच्या आत बोट नाही, आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायचं. मोरी आणि तांबडी, दोघींत स्टॅफ ऑरियस, आणि कुठली अँटिबायोटिक चालतील याची यादीही दोघींची सारखीच. एवढ्यावर कोर्टात केस उभी राहणार नाही, पण मला पुरे होतं.

मग आधी चार वर्षं का नाही आणि गेल्याच वर्षी का? तांबडीची गाठ दोन वर्षांची, कपडा तर मावशीच्या लग्नापासूनचा असेल. बदललं होतं ते हे, की आधी करडं पावसाळाभर आईखालीच असायची, मावशी फक्त सकाळी एकदा धार काढायची आणि बाकीची कास करडं दिवसभर चोखून रिकामी करायची. गेल्या वर्षी मेअखेर करडं आईपासून तोडली आणि दोन वेळा धार सुरू केली, कारण डेंग्यूचे दिवस आले की बकरीच्या दुधाला पणजी-म्हापशाहून फोन येतात, प्लेटलेट वाढतात म्हणे. वाढतात याला काही पक्का पुरावा नाही, पण लिटरमागे मिळणारे पैसे खरे असतात. करडं एकदम तोडल्यावर कास तटतटलेली, धारा दुप्पट, म्हणजे तो कपडा प्रत्येक सडाला आता दिवसातून दोनदा लागणार. आणि हे दूध आजारी माणसाच्या घरी जातंय. लोक म्हणतात उकळलं की झालं. उकळून जंतू मरतो, पण दूध उकळायच्या आधी गरमीत तसंच राहिलं तर हा जंतू त्यात जे विष सोडतो ते उकळूनही जात नाही. हे सांगितल्यावर मात्र मावशी गप्प झाली, आणि तांबडीच्या डाव्या बाजूचं दूध त्या दिवसापासून गोठ्यापासून लांब खड्ड्यात.

पुढे काय बदललं ते सांगतो. खर्चाचं म्हणाल तर महिन्याला दोन-अडीचशे, शिंगीच्या एकटीच्या औषधात वर्षभर निघालं असतं.

सगळ्यात आधी रांग उलटी केली. पहिलारू दोघी आधी, मग कधी काही न झालेल्या, मग बऱ्या झालेल्या, तांबडी शेवटी. याला पैसा लागत नाही आणि माझ्या मते निम्मं काम यानेच झालं. कपडा चुलीत गेला. आता कास कोरडी आणि साफ असेल तर धुवायचीच नाही, धुतलेल्या कासेवरून घाण पाणी ओघळून सडाच्या टोकाशी थांबतं ते जास्त वाईट. चिखल असेल तर फक्त सड धुवून कागदाने कोरडा करायचा, एका बकरीला एक कागद. मुलगा जुन्या पेपरचे तुकडे कापून पिशवीत ठेवतो. कासेवरचे लांब केस कात्रीने कमी केले. दर बकरीमागे हात साबणाने. पहिली धार काळ्या प्लास्टिकच्या झाकणात, काळ्यावर बारीक गुठळीसुद्धा दिसते, माचीवर किंवा हातावर ती कधीच सोडायची नाही. बोटं दुधात बुडवणं बंद, अंगठा दुमडणंही बंद, पूर्ण मुठीने, हे मावशीला अजूनही शंभर टक्के जमलेलं नाही, साठ वर्षांची सवय आहे.

आणि धार झाल्याबरोबर डिप, म्हणजे सड औषधात बुडवणं. पोव्हिडोन आयोडीन तीन भाग, ग्लिसरीन एक भाग, ग्लिसरीन नसलं तर सड फुटतात आणि फुटलेला सड म्हणजे परत जंतूला घर. डिपिंग कप आणला तो गाईचा, बकरीला फार मोठा, अर्धं औषध वाया. वहिनीने खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं मापाचं टोपण आणलं, ते बरोब्बर बसतं. सड पूर्ण बुडवायचा, टोक ओलं करून भागत नाही, आणि उरलेलं परत बाटलीत ओतायचं नाही. धार काढल्यावर सडाचं तोंड अर्धा तास तरी उघडं असतं, त्या वेळात बकरी बसली तर माचीवरचं सगळं आत, म्हणून फणसाच्या पाल्याच्या जुड्या आता धारेनंतर उंच टांगतात, त्या उभ्या राहून खाण्यात वेळ जातो. आधी पाला धारेच्या आधी मिळायचा. एवढाच बदल, फुकटचा.

आटवायच्या वेळची एक चूक बऱ्याच ठिकाणी बघितलीय, म्हणून सांगून टाकतो. विण्याच्या दोन महिने आधी भरडा कमी करून धार एकदम बंद करायची, एक दिवसाआड काढत रेंगाळायचं नाही. शेवटच्या धारेनंतर डॉक्टरांनी ट्यूब सांगितली तर एका बाजूला एक ट्यूब. गाईची ट्यूब मोठी असते म्हणून लोक अर्धी या सडात आणि अर्धी त्या सडात घालतात, कधी कधी तर दुसऱ्या बकरीलाही, मग कपड्याला का नावं ठेवायची? नळी आत पूर्ण खुपसायची नाही, टोकापुरती. आणि लेबलवर बकरीसाठी दिवस लिहिलेले नसतील तर औषधानंतर किमान सात दिवस दूध विकायचं नाही, तसा नियमच आहे, डॉक्टर जास्त सांगतील तर जास्त.

तांबडीचं काय करायचं यावर मात्र आमचं एकमत झालं नाही. ऑक्टोबरमध्ये आटवली, ट्यूब दिली, फेब्रुवारीत व्याली, दोन करडं. मार्चमध्ये डाव्या बाजूचा नमुना परत तोच. माझं म्हणणं होतं की औषधाचे दिवस संपवून खाटकाला द्यावी, दुधासाठी दुसऱ्या कोणाला अजिबात नाही, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नेऊन कोणाच्या तरी गोठ्यात रोग पाठवणं हे तर पापच. डॉक्टरही तेच म्हणाले. मावशी म्हणाली ही माझ्या भावाने दिलेली. शेवटी मधला मार्ग निघाला, डावी बाजू डॉक्टरांकडून कायमची बंद करून घेतली, उजवीचं दूध शेवटी काढतात, वेगळ्या भांड्यात, तेही परत परत तपासून. तिची करडं चीक पाजून तोडली आणि दुसऱ्या बकऱ्यांच्या उकळून कोमट केलेल्या दुधावर बाटलीने वाढवली, म्हणजे त्यांच्या तोंडाने तो जंतू इतर सडांना लागायला नको. मला अजूनही हे बरोबर वाटत नाही. एका बाजूच्या पाऊण लिटरसाठी दहा बकऱ्यांचा धोका, पण गोठा तिचा आहे.

या पावसाळ्यात जुलैअखेरपर्यंत एकच केस, पांढरीची, आणि ती वेगळी आहे. कास गरम, ताप, दूध पाण्यासारखं पिवळट, सगळं एका रात्रीत, रांगेतल्या तिच्या मागच्या-पुढच्या दोघी स्वच्छ. आदल्या दिवशी वाऱ्याने पत्रा उचकटला होता आणि ती नेमकी गळतीखाली बसलेली. हा बहुतेक शेणातला जंतू, रिपोर्ट यायचाय. म्हणजे मावशीचा पाऊस अगदीच निर्दोष नाही, तेवढं मी तिला कबूल केलं, तर ती दिवसभर ऐकवत होती. पत्रा परवा बसवला. तांबडी रोज पहाटे अजून ओरडते, तिला आपण शेवटी का हे काही कळलेलं नाही, आणि मावशी धार काढता काढता तिला बसल्या जागेवरून उत्तर देत असते, थांब गे बाय, येते.